रशीदभाई बांधावर आहेत

लिहायला बसलो की पहिलं नाव रशीदभाईंचं येतं. आईवडिलांनी मला शिकवलं, पण शिकून झाल्यावर पुढं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी वडनेर भोलजीला परत आलो आणि बसस्टँडजवळच्या एका दुकानात लोकांचे मोबाइल रिचार्ज करून देत बसलो. तिथं रशीदभाई यायचे. मूळचे लोणारचे. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत फील्ड असिस्टंट, म्हणजे मोटारसायकलवर गावोगाव फिरून कंपनीचं बियाणं कसं उगवलं, कसं वाढलं, कुणाची काय तक्रार आहे हे बघणारा माणूस. दुकानातला बिघडलेला कॉम्प्युटर मी उघडून बसलो होतो ते पाहून त्यांनी विचारलं, शिकेल हायेस काय? मी हो म्हणालो. मंग इथं काय करून राह्यला, असं त्यांनी विचारलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला मोटारसायकलवर मागं बसवून जालन्याला नेलं. साहेबांनी इंग्रजीत विचारलं. मी घामानं भिजलो. बाहेर बाकावर बसलेले रशीदभाई न बोलावता आत आले आणि म्हणाले, "साहेब, इंग्रजी तुमच्याजवळ हाय ना. कॉम्प्युटर याच्याजवळ हाय. दोघं मिळून चालवा की."

साहेब हसले आणि मला नोकरी लागली. घर, लग्न, धाकट्या बहिणीचं शिक्षण, सगळं त्या एका वाक्यामागून आलं. म्हणून हा लेख त्यांचा आहे, जरी यातली गोष्ट ते गेल्यानंतरची असली तरी.

बाहेरच्या माणसाला बियाण्याचा धंदा पिशव्या विकण्याचा वाटतो. तसा तो नाही. कंपनी घाऊक व्यापाऱ्याला माल देते, तो गावोगावच्या कृषी केंद्रांना देतो आणि कृषी केंद्रवाला शेतकऱ्याला. बीटी कापूस आला तेव्हा तर पिशवीच्या आत काय आहे हे डोळ्यांनी कळायचा प्रश्नच उरला नाही. बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलाय, असं सांगायचं आणि समोरच्यानं ते मानायचं. मानायचं कुणाचं? पिशवीचं नाही, जाहिरातीचंही नाही. मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाचं. रशीदभाई वडनेरला म्हणाले लावा, की वडनेर लावायचं.

माझं काम देऊळगाव राजाच्या शाखेत होतं. कोणत्या केंद्राला किती माल गेला, किती परत आला, कुणाची तक्रार काय, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये भरायचं असायचं. ते सॉफ्टवेअर स्वखुशीनं कोणी उघडत नसे. केंद्रवाले फोन करून सांगायचे, गजाननभाऊ, तुम्हीच भरून टाका. आणि हेच लोक दिवसभर फोनवर सोयऱ्याधायऱ्यांचे फोटो बघत, अंगठे देत बसलेले असायचे.

हे जालन्याच्या साहेबांच्या लक्षात आलं. पुण्याला कुठल्याशा बैठकीला जाऊन आले आणि म्हणाले, लोक घरी जे आवडीनं करतात तेच कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं. प्रत्येकाचा फोटो, नाव. कोण आत्ता हजर आहे त्याच्यासमोर हिरवा दिवा. कोणी लिहायला लागलं की 'अमुक लिहीत आहेत' असं दिसणार. प्रश्न टाकायचा, उत्तर द्यायचं, पटलं तर अंगठा. ज्या उत्तराला जास्त अंगठे ते वर. वाढदिवसाची आठवण, महिन्याचा मानकरी, बरेच दिवस कोणाशी बोलला नाहीत तर त्याला हाक मारायची सूचना. पुण्याच्या लोकांनी ते बनवलं, केंद्रवाल्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. नाव काय ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली. रशीदभाई कोपऱ्यात चहा पीत बसले होते. शेतकरी ऑफिसात बोलत नाही, बांधावर बोलतो, एवढं ते म्हणाले. नाव 'बांध' पडलं.

पहिलं वर्ष गमतीचं गेलं. एका केंद्रवाल्यानं, पिशव्या फाटून आल्या, अशी तक्रार टाकली. शेजारच्या गावच्या केंद्रवाल्यानं तिला अंगठा दिला. त्याच्या मनात होतं, माझ्याही फाटल्या. तक्रार करणाऱ्यानं मला फोन केला की माझ्या पिशव्या फाटल्या अन् हा भाऊ अंगठा दावून राह्यला, याले समजावा नाहीतर मी समजावतो. एक जण रोज सकाळी मालवापसीच्या रकान्यात फुलांचे फोटो टाकायचा. देऊळगाव राजातले दोघे सख्खे भाऊ, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या हद्दीच्या, भांडणावरून वर्षानुवर्षं अबोला, दोघांची केंद्रं समोरासमोर; 'बांध'नं दोघांनाही कळवलं की ही व्यक्ती तुमच्या ओळखीची असू शकते. धाकटा मला म्हणाला, त्याले सांगा, होती.

पण सवाल-जवाबाचा भाग मात्र खरोखर चालला, आणि तो रशीदभाईंमुळे चालला. एका बोटानं टाइप करायचे. उत्तरं दोन ओळींची, बोलल्यासारखी. पानं लाल पडली तर काय, पावसानं ओढ दिली तर काय, कोणत्या जमिनीत कोणतं वाण नको. कंपनीच्या वाणाबद्दलही 'इथं लावू नका' असं ते सरळ लिहायचे. त्यांचा टोपीतला हसरा फोटो आणि खाली त्यांचं उत्तर, हे वाचायला लोक 'बांध' उघडू लागले. त्यातलंच एक उत्तर फार गाजलं. कोणीतरी विचारलं होतं, शेजारी बोंडअळीसाठी फवारून राह्यला, मीही फवारू काय? रशीदभाईंनी लिहिलं होतं: 'बीटी हाय ना भाऊ. बोंडअळीची काळजी सोडा. फवारू नका, पैसा वाचवा, कामाचे किडे मारू नका.' त्या वर्षी ते शंभर टक्के खरं होतं. कितीतरी लोकांचा खर्च त्यानं वाचवला.

मग रशीदभाई गेले. लोणारच्या रस्त्यावर भर दिवसा रोही, म्हणजे नीलगाय, आडवं आलं आणि मोटारसायकल उलटली. पेरणीचे दिवस होते. आमच्याकडे कोणाच्या अंत्यविधीला जाण्याला 'मातीला जाणं' म्हणतात, मयत हिंदूची असो की मुसलमानाची. पण पेरणी सोडून आणि केंद्र बंद करून लोणारला मातीला जाणं कोणाला जमलं नाही. मी गेलो. तिथं बघितलं, येणारा प्रत्येक जण कबरीत मूठभर माती टाकून मागं सरकत होता. परत येऊन मी 'बांध'वर चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रशीदभाईंच्या उत्तरांवर अंगठे पडत होते. माझ्या चार ओळींवर नाही, त्यांच्या जुन्या उत्तरांवर. लोक मागं मागं जाऊन, एकेक उत्तर शोधून अंगठा देत होते. वडनेरचे प्रल्हादराव, केंद्रवाल्यांतले सगळ्यांत जुने, त्यांना मी विचारलं तर म्हणाले, "मातीले येता नाई आलं ना, गजाननभाऊ. मंग इथंच देल्ली माती."

ऐकून मला भरून आलं होतं. चांगली रीत पडली असं वाटलं. गाजलेल्या त्या उत्तरावर तर सगळ्यांनीच अंगठा दिला, कारण रशीदभाई म्हटलं की तेच आठवायचं.

खातं बंद करायचं कोणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी अडचण होती. खातं बंद केलं की त्या माणसाची सगळी उत्तरं जायची, आणि तीच तर 'बांध'ची पुंजी होती.

त्यानंतर जे होऊ लागलं ते एकदम लक्षात आलं नाही. आमचं ऑफिस गोदामाच्या वर होतं. दुपारी जेवणाच्या वेळेला खालची हमाली थांबायची आणि सगळीकडे शुकशुकाट व्हायचा. स्क्रीनच्या कडेला हजर माणसांची यादी असायची. केंद्रवाले जेवायला गेले की एकेकाचा हिरवा दिवा विझत जायचा. एका दुपारी मी डबा उघडून बसलो होतो. सगळे दिवे विझले. एक राहिला. रशीदभाईंचा.

मी घास खाली ठेवला. बिघाड असेल म्हणून स्क्रीन पुन्हा उघडली. दिवा होताच. दुसऱ्या दिवशीही होता. सकाळी लवकर लागायचा आणि दिवस मावळला की जायचा, रशीदभाई शेतावर निघायचे आणि परतायचे तसाच. मग 'बांध'नं मला सूचना दिली: 'रशीद यांच्याशी बोलून बरेच दिवस झाले. हाक मारा.' महिना संपला तेव्हा सॉफ्टवेअरनं आपलं आपण अंगठे मोजून त्यांना महिन्याचा मानकरी ठरवलं आणि सगळ्यांना कळवलं, रशीद यांचं अभिनंदन करा. लोकांनी केलं. एकानं लिहिलं, भाई, आता तरी आराम करा.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण एका दुपारी कोणीतरी खताचा काही प्रश्न टाकला आणि त्याच्याखाली करड्या अक्षरांत उमटलं: 'रशीद लिहीत आहेत'. मी पाहत बसलो. अक्षरं तशीच थरथरत राहिली, मग पुसली गेली. उत्तर आलं नाही. बायकोला सांगितलं तर तिनं, कोणाला बोलू नका, एवढंच म्हटलं.

पोळा जवळ आला तसे कपाशीच्या फुलांबद्दल फोन येऊ लागले. फूल उमलत नाही, पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. याला डोमकळी म्हणतात. ती फोडली की आत अळी असते. म्हणजे जिच्यासाठी बीटी आणलं तीच गुलाबी बोंडअळी आता बीटीला दाद देत नव्हती. कंपनीच्या शेतीतज्ज्ञांनी 'बांध'वर सविस्तर लिहिलं: डोमकळ्या तोडून नष्ट करा, पतंग पकडायचे सापळे लावा, निंबोळी अर्क फवारा, अळी वाढलेली दिसली तर अमुक औषध. मला वाटलं काम झालं.

प्रल्हादरावांचा फोन आला. त्यांच्या गावात डोमकळ्या दिसत होत्या. मी विचारलं, फवारणी सुरू केली का? ते म्हणाले, नाही, रशीदभाई म्हणतात फवारू नका.

"प्रल्हादराव, रशीदभाई जाऊन किती दिवस झाले."

"मले माहीत हाय ना. मी काय येडा हाय? पण तो म्हणून राह्यला ना."

"कधी म्हणाले?"

"आत्ता. पोरानं प्रश्न टाकला, लगेच उत्तर आलं. फोटो हाय, नाव हाय, हिरवी बत्ती हाय."

मी 'बांध' उघडलं. प्रश्न टाकला की सॉफ्टवेअर तसाच जुना प्रश्न शोधायचं आणि ज्या उत्तराला सर्वांत जास्त अंगठे ते पहिलं दाखवायचं. बोंडअळी म्हटलं की वर यायचे रशीदभाई, हसत. बीटी हाय ना भाऊ. काळजी सोडा. फवारू नका. लोकांनी दिलेली माती सॉफ्टवेअरनं खरेपणाची साक्ष म्हणून मोजली होती. शेतीतज्ज्ञांच्या उत्तराला तीन अंगठे होते, त्यातला एक माझा. ते इतकं खाली होतं की तिथपर्यंत कोणी जातच नव्हतं.

मी एकेका केंद्राला फोन लावत बसलो. काहींनी ऐकलं. बऱ्याच जणांनी मला गप्प केलं. एक म्हणाला, गजानन, तू कॉम्प्युटरवाला माणूस. रशीदभाई तिकडं बांधावर बसून हाय अन् तू आम्हाले ऑफिसातून शिकवून राह्यला. बोलणं थट्टेचं होतं, पण गावातले फवारणीचे पंप कोठीतच होते.

जालन्याला साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, खातं बंद करून टाक, एक मिनिटाचं काम. मी सांगितलं की त्यांची सगळी उत्तरं जातील. नुसतं हेच उत्तर काढता आलं तर बरं. पुण्याला विचारलं. त्यांचं म्हणणं, उत्तर ज्यानं लिहिलं तोच ते मागं घेऊ शकतो. सगळीकडे हाच नियम असतो आणि तो योग्यच आहे. दुसऱ्याला तो अधिकार हवा असेल तर पुढच्या महिन्याच्या बदलात घेऊ. पुढच्या महिन्यात अळी बोंडात शिरलेली असणार होती. बोंडात शिरली की तिला कोणतंच औषध लागू पडत नाही. साहेब म्हणाले, मग उद्या संध्याकाळी मी खातं बंद करायला लावतो.

त्याआधी घरच्यांना विचारावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी लोणारला गेलो.

रशीदभाईंचं घर मशिदीमागच्या गल्लीत आहे. ओट्यावर त्यांच्या खाला, म्हणजे मावशी, लसूण सोलत बसल्या होत्या. रशीदभाईंच्या पत्नी नसीमभाभी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने आणि वर दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. दाराला पडदा होता. खालांनी मला ओट्यावर चटई दिली आणि पडद्याकडे तोंड करून सांगितलं की कंपनीवाला गजानन आलाय.

मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात पडद्यामागून रशीदभाई म्हणाले, "बोला शेठ."

तोच आवाज. पान खाऊन थोडा जड झालेला. मी चटईवरून अर्धा उठलो. खाला लसूण सोलत राहिल्या. माझा चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, फोन आहे. पडद्यामागून भाभींनी सांगितलं की 'बांध'वर कोणी काही विचारलं की वाजायला रशीदभाईंनी स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता. फोन सकाळी नमाजाच्या वेळी त्या सुरू करतात, चार्जिंगला लावतात आणि दिवस मावळेपर्यंत समोर ठेवून बसतात. कोणी विचारलं की तो बोलतो. मी त्यांना, ते 'लिहीत आहेत' असं कसं दिसतं, ते विचारलं.

"कोई पूछता तो मैं खोलती. लिखने की जगा पे उंगली रखती. फिर मैं क्या लिखूँ? बंद कर देती."

एवढंच होतं ते. सगळ्याचा उलगडा झाला होता. मी म्हणालो, भाभी, आवाज मी वेगळा काढून देतो, दुसऱ्या फोनमध्ये भरून देतो, हवा तेव्हा ऐकता येईल.

मग त्या म्हणाल्या, "रिकार्डिंग तो है मेरे पास. वो मैं दबाऊँ तो बोलती. ये, कोई पूछता तब बोलते वो."

पण संध्याकाळ व्हायच्या आत काहीतरी ठरणं भाग होतं. मी सगळं सांगितलं. डोमकळी, ते गाजलेलं उत्तर, अंगठे, प्रल्हादराव, साहेबांचा निरोप. खातं बंद झालं तर हा फोन पुन्हा बोलणार नाही, हेही सांगितलं. खालांचे हात थांबले. पडद्यामागच्या भाभी शेतकऱ्याच्याच घरची लेक. डोमकळी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"लोग उनका नाम लेके नहीं फवार रहे?"

मी हो म्हणालो.

"फिर कपास गई तो नाम किसका लेंगे?"

तेवढ्यात आत पुन्हा रशीदभाई म्हणाले, बोला शेठ. कुठल्यातरी गावात कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. तो आवाज विरेपर्यंत आम्ही तिघंही थांबलो.

मग मी सांगितलं की फोनवर कुठं दाबलं की ते एक उत्तर मागं घेता येतं, बाकीची राहतात, खातंही राहतं, मी साहेबांच्या हातापाया पडून राखीन. भाभींनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्या असं परभारे करणार नाहीत. जवाब त्यांचा आहे. विचारायचं त्यांना. मला वाटलं दुःखानं बोलताहेत. पण आवाज शांत होता, सदऱ्याला बटण लावून देण्याबद्दल बोलावं तसा. "मेरे को मत लिखो, गजाननभाई. उनको लिखो. मैं पढ़ के सुनाऊँगी, फिर दबाऊँगी."

मी ओट्यावर बसून फोनवर पत्र लिहिलं. आयुष्यात कुणाला पत्र लिहायला इतकं जड गेलं नाही. पाठवलं. पडद्यामागं रशीदभाई म्हणाले, बोला शेठ. मग भाभींचा वाचण्याचा आवाज येऊ लागला. मराठी त्या अडखळत वाचत होत्या. वाचून झाल्यावर बराच वेळ शांतता होती. त्या कशासाठी थांबल्या होत्या ते मी विचारलं नाही, आजही विचारणार नाही. नंतर माझ्या फोनवर ओळ आली: 'रशीद यांनी हे उत्तर मागे घेतलं आहे.'

ती ओळ सगळ्यांनाच गेली होती. खालांनी दिलेला चहा संपायच्या आत प्रल्हादरावांचा फोन आला. शेतीतज्ज्ञांचं पानभर लिहिणं आणि माझे दिवसभराचे फोन, यांनी जे झालं नव्हतं ते झालं होतं. ते म्हणाले, "रशीदभाईनं मागं घेतलं. म्हंजे खरंच हाय अळी. बायका लावल्या डोमकळ्या तोडाले." रशीदभाई गेलेले आहेत याची आठवण मी या वेळी करून दिली नाही.

सगळ्यांचं वाचलं असं नाही. ज्यांच्याकडे आधीच बोंडात शिरली होती त्यांचं गेलं, आणि त्या उत्तराच्या भरवशावर जे आठवडे हातचे गेले ते परत आले नाहीत. याची खंत मला कायम राहील. पण रशीदभाईंनी बुडवलं, असं आजपर्यंत कुठल्याही गावात ऐकलं नाही. साहेबांनी खातं ठेवू दिलं. पुण्याच्या लोकांना मी कळवलं की उत्तराखाली साल दिसू द्या, आणि माणूस गेला हे नोंदवायला कुठंतरी जागा ठेवा. ते म्हणाले, असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. जगातली इतकी माणसं रोज असली सॉफ्टवेअरं वापरतात, त्यातलं कोणी मेलंच नसेल की काय, असं मला तेव्हा वाटून गेलं. भाभींची इद्दत संपली, पुढं फोनही जुना होऊन बंद पडला, आणि त्यांनी दुसरा घेतला नाही.

पत्र माझ्याजवळ आहे. फोनवर, उन्हात, घाईत लिहिलेलं. त्यातलं काही न बदलता देतो.

"आदरणीय रशीदभाईंना सलाम.

मी गजानन. तुमच्या घरी आलो आहे. भाभी आणि खाला बऱ्या आहेत.

काम असं आहे. तुम्ही बोंडअळीवर उत्तर दिलं होतं, बीटीवर फवारू नका. तेव्हा ते खरं होतं आणि लोकांचा खर्च वाचला. आता अळी बदलली आहे. वडनेरला डोमकळ्या आहेत, देऊळगावकडेही आहेत. तुम्ही असता तर पहिली कळी तुम्हीच फोडून बघितली असती आणि त्याच दिवशी उत्तर बदललं असतं, हे मला माहीत आहे. लोकांना तुमचं आधीचं बोलणंच दिसतं आणि ते दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत. मी सांगून पाहिलं.

तुमचं उत्तर चुकलं असं मी म्हणत नाही. ते जुनं झालं आहे. ते तुम्ही मागं घ्यावं, ही विनंती आहे. तुमची बाकीची सगळी उत्तरं राहतील. त्यांना कोणी हात लावणार नाही, ही जबाबदारी माझी.

तुमच्यासमोर असं बोलायची मला सवय नाही. नोकरी लागली तेव्हा मी तुमचे आभारसुद्धा मानले नव्हते, तुम्ही चल बस म्हणालात आणि मी मागं बसलो. आभार आत्ता मानतो.

दुपारपर्यंत झालं तर आजच्या आज लोक वावरात उतरतील. मी घाई करत नाही. बाहेर ओट्यावर बसलो आहे. तुमची वाट बघतो.

तुमचा,
गजानन"